जुन्या रायफलीसाठी तीन बाटल्या: ट्रू-ऑइल, ॲक्राग्लास जेल आणि ऑक्सफो-ब्लू

घरात दोन-तीन पिढ्या राहिलेली शिकारीची रायफल नीट करायला काढली, की तीन नावं हटकून कानावर येतात. दस्त्याच्या लाकडासाठी बर्चवुड केसीचं ट्रू-ऑइल, दस्त्यात ॲक्शन घट्ट बसावी म्हणून ब्राउनेल्सचं ॲक्राग्लास जेल, आणि लोखंडावरचा उडालेला काळा रंग भरायला ब्राउनेल्सचंच ऑक्सफो-ब्लू. तिन्ही वापरण्याजोगी आहेत. पण तिन्हींची किंमत सारखी नाही आणि प्रत्येक रायफलीला तिन्ही लागत नाहीत. या परीक्षणात मी एकच कसोटी लावली आहे: आज केलेलं काम उद्या कोणाला नकोसं झालं, तर ते काढता येईल का? वारशाने आलेल्या वस्तूला दुसरी कसोटी मला तरी पटत नाही. तेलाचा थर उतरवता येतो, कानशीने घासलेला नंबर परत येत नाही.

डोळ्यासमोर माउझर ९८ किंवा तिच्या घडणीची बोल्ट ॲक्शन रायफल आणि अक्रोडाचा दस्ता धरला आहे. १८९८ची ही रचना पुढच्या कितीतरी शिकारी रायफलींनी उचलली, त्यामुळे इथलं बरंचसं इतरांनाही लागू पडेल. बोल्ट म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा, आणि ॲक्शन म्हणजे तो ज्यात मागेपुढे सरकतो तो पोलादी सांगाडा. तो खालून दोन मोठ्या स्क्रूंनी दस्त्यात आवळलेला असतो, आणि पुढच्या कड्याखाली एक आडवा पोलादी ठोकळा असतो, रिकॉइल लग. बार उडाला की मागचा सगळा धक्का हा ठोकळा लाकडावर टाकतो. हे एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं समजतं.

कुठलीही बाटली उघडण्याआधी बोल्ट काढा, मॅगझिन रिकामं करा, चेंबरमध्ये बोट घालून चाचपा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहा. मग रायफल परवानाधारक कारागिराकडे न्या आणि हेडस्पेस, म्हणजे मिटलेल्या बोल्टचं तोंड आणि चेंबरमध्ये काडतूस अडतं ती जागा यांतलं अंतर, मोजून घ्या. गो आणि नो-गो अशा दोन मापकांचं हे काम काही मिनिटांत होतं. बोल्ट गो मापकावर मिटायला हवा, नो-गोवर मिटता कामा नये. नो-गोवर मिटला तर त्याहून किंचित लांब असलेलं फील्ड मापक लावतात, आणि त्यावरही मिटला तर ती रायफल झाडायची नाही. मग दस्ता कितीही सुंदर केला तरी ती भिंतीवरचीच वस्तू. काही जुन्या रायफली याही पलीकडे धोक्याच्या असतात. १९०३ मॉडेलच्या अमेरिकन स्प्रिंगफील्ड रायफलींमध्ये स्प्रिंगफील्ड शस्त्रशाळेचे ८,००,०००च्या खालचे आणि रॉक आयलंडचे २,८५,५०७च्या खालचे नंबर ठिसूळ पोलादासाठी बदनाम आहेत. अशा रायफलीवर पैसा खर्च करण्याआधी नंबर वाचलेला बरा.

नळी आधी साफ करा, कारण तिची अवस्था बघूनच बाकीचा खर्च करायचा की नाही ते ठरतं. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून मागे पोटॅशियम क्लोराइड राहतं, म्हणजे मिठासारखाच एक क्षार. तो हवेतलं पाणी ओढतो आणि आतून नळी खातो. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून आधी गरम पाणी, मग कोरडं फडकं, मग तेल. त्यानंतर अमोनिया असलेलं तांबं काढणारं द्रावण लावून फडक्याच्या पट्ट्या फिरवा. पट्टी निळी-हिरवी निघत राहील तोवर आत तांबं आहे असं समजायचं. पितळी ब्रश वापरला तर तोही पट्टी निळी करतो आणि उगाच फसवतो, म्हणून या टप्प्यावर नायलॉनचा ब्रश घ्या. अशी द्रावणं नळीत रात्रभर सोडू नका, बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवलं तर पोलादावर डाग पडतात.

आता लोखंड, म्हणजे ऑक्सफो-ब्लूची पाळी. आणि इथे माझा पहिला सल्ला असा, की बाटली तशीच ठेवा आणि पाणी उकळत ठेवा.

जुन्या रायफलीवर दिसणारा तांबूस थर बहुतेक वेळा पातळ गंज असतो, आणि त्याच्याखाली मूळ काळा थर अजून शाबूत असतो. हा तांबडा गंज उकळत्या पाण्यात काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो. गंज चढवून, उकळून, घासून नळ्या काळ्या करण्याची जुनी पद्धत याच रसायनावर उभी आहे. म्हणून लाकूड, ट्रिगर, स्प्रिंगा, दुर्बिणीचे माउंट सगळं काढा. लोखंडावरचं तेल ॲसिटोनने पूर्ण धुवा. लांबट पत्र्याच्या किंवा स्टीलच्या कुंडात डिस्टिल्ड पाणी उकळा आणि नळी-ॲक्शन त्यात वीसेक मिनिटं बुडवून ठेवा. नळाचं पाणी नको, त्यातल्या क्षारांचे पांढरे ठिपके उमटतात. बाहेर काढल्यावर तांबडा भाग मखमलीसारखा काळा झालेला दिसतो. तो ०००० नंबरच्या स्टील वूलने अगदी हलक्या हाताने घासला की वरची काळी भुकटी निघून जाते आणि खालून जुना, थोडा राखाडी झाक असलेला काळा रंग वर येतो. स्टील वूल कारखान्यातून तेल लावूनच येतं. ते आधी ॲसिटोनमध्ये पिळून घ्या, नाहीतर सगळी मेहनत चट्ट्याचट्ट्यांत जाते. लोखंड गरम असतं तेव्हाच पाणी वाळून जातं, तरी नळीतून कोरडी पट्टी फिरवून लगेच आतबाहेर तेल द्या. तांबूस राहिलेल्या जागी पुन्हा एकदा उकळा. दोन-तीन वेळांत जे सुटत नाही तो गंज खोल खड्ड्यातला असतो.

इतकं झाल्यावर ज्या जागा खरोखर पांढऱ्या पडल्यात, उदाहरणार्थ मॅगझिनच्या तळपत्रीच्या कडा किंवा हातात धरून धरून झिजलेली नळीची बाजू, तेवढ्यापुरतं ऑक्सफो-ब्लू काढा. कोल्ड ब्लू या प्रकारातली बहुतेक द्रावणं सेलेनियमच्या संयुगांवर चालतात. ती लोखंडाचा काळा ऑक्साइड तयार करत नाहीत, वरून एक काळा थर बसवतात. त्यामुळे हा थर कारखान्यातल्या मूळ काळ्या थराइतका (ब्लूइंगइतका) टिकत नाही आणि गंजापासून जवळजवळ काहीच वाचवत नाही. त्यातल्या त्यात ऑक्सफो-ब्लू घासायला चिवट आहे आणि रंगही बरा येतो, निळ्यापेक्षा काळ्या-राखाडीकडे झुकणारा. पोलाद कोमट करून घ्या, हाताला सोसवेल इतकं. कापसाच्या बोळ्याने लावा, स्टील वूलने घासा, पुसा, पुन्हा लावा. एका जाड हातापेक्षा पाच-सहा पातळ हात चांगले. शेवटी पाण्याने धुऊन, वाळवून भरपूर तेल द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा. राहिलेलं आम्ल रात्रीतून पिवळसर गंज उठवतं, आणि या बाटलीबद्दलच्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. हातमोजे आणि उघडी खिडकी हवीच, सेलेनियम विषारी आहे.

संपूर्ण नळी मात्र यानं काळी करायला जाऊ नका. मोठ्या पृष्ठभागावर ढगाळ पट्टे येतात आणि कितीही हात दिले तरी जात नाहीत. सगळं नव्याने काळं करायचंच असेल तर गंज-पद्धतीचा कारागीर शोधा. कॉस्टिकच्या गरम टाकीत, सुमारे १४० अंश सेल्सियसला, करतात त्या ब्लूइंगला आधी पॉलिश लागतं. त्या पॉलिशमध्ये अक्षरांच्या धारा गोल होतात, शिक्के पुसट होतात. शिवाय शिशाच्या झाळणीने बसवलेली माशी (नेम धरायची खूण) किंवा पट्टी त्या टाकीत सुटू शकते. ऑक्सफो-ब्लूला पाचपैकी तीन. कसोटीला ते उतरतं, कारण नको झालं तर पुसून काढता येतं. कामगिरीत मात्र उकळतं पाणी त्याच्या पुढे आहे.

दस्त्याकडे वळताना क्रम चुकवू नका: आधी जुनं पॉलिश आणि मुरलेलं तेल काढायचं, मग चिरा जोडायच्या, मग ॲक्राग्लास, आणि ट्रू-ऑइल सगळ्यात शेवटी. ॲक्राग्लास हे दोन घटक मिसळून कडक होणारं इपॉक्सी आहे. तेल लावून सजवलेल्या लाकडात इपॉक्सी धरत नाही आणि सांडलेलं इपॉक्सी सजवलेल्या लाकडावरून निघत नाही.

मुरलेल्या तेलाबद्दल जरा थांबून सांगायला हवं. वर्षानुवर्षं बोल्टला दिलेलं तेल मागच्या बाजूने दस्त्यात उतरतं. ॲक्शनच्या शेपटीभोवतीचं, म्हणजे तिच्या मागच्या टोकाभोवतीचं लाकूड म्हणून काळंकुट्ट आणि स्पंजासारखं मऊ झालेलं असतं. इथे नख दाबून पाहा, वळ उठला तर लाकूड तेलाने भरलेलं आहे. ॲसिटोनमध्ये खडूची बारीक पूड कालवून जाडसर लेप द्यायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. वाळताना तो तेल वर ओढतो आणि पांढरा लेप पिवळा, मग तपकिरी होतो. झटकून पुन्हा द्यायचा. चार-पाच वेळा लागतं, कधी जास्त. लेप पांढराच राहिला की झालं. ॲसिटोनची वाफ पटकन पेट घेते, त्यामुळे हे काम उघड्यावर आणि आगीपासून लांब करायचं.

आता ॲक्राग्लास. ब्राउनेल्स ते दोन रूपांत विकतं आणि घेताना इथेच गोंधळ होतो. जुनं ॲक्राग्लास पातळ आहे, चार भाग रेझिनला एक भाग हार्डनर, मापाने, वजनाने नव्हे. ॲक्राग्लास जेल लोण्यासारखं घट्ट आहे, एकास एक, तेही मापाने. पातळ प्रकार चिरेत आपोआप झिरपतो म्हणून फुटलेला दस्ता जोडायला तोच घ्या. जेल जिथे ठेवाल तिथेच राहतं, म्हणून बैठकीला, म्हणजे ॲक्शन लाकडात टेकते ती जागा भरायला, जेल. एकाचं प्रमाण दुसऱ्याला लावलं तर मिश्रण चिकटच राहतं, कितीही दिवस वाट पाहिली तरी वाळत नाही, आणि मग सगळं खरवडून काढावं लागतं.

बैठक हवीच कशाला? जुन्या लाकडात रिकॉइल लगच्या मागची भिंत धक्क्यांनी दबलेली असते. मग प्रत्येक बाराला ॲक्शन केसभर मागे सरकते. गोळ्या एका ठिकाणी पडत नाहीत हा त्याचा एक परिणाम, आणि दुसरा जास्त वाईट: शेपटीचं टोक लाकडावर पाचरीसारखं आदळतं आणि दस्त्याची मान, म्हणजे मुठीत येणारा बारीक भाग, चिरते. जुन्या माउझर घडणीच्या रायफलीत शेपटीच्या मागून निघालेली चीर दिसली तर नुसती चिकटवून भागत नाही. तिचं कारण पुढे लगपाशी बसलेलं असतं. म्हणून चीर पातळ ॲक्राग्लासने भरायची, लगची बैठक जेलने करायची, आणि शेपटीच्या टोकामागे अर्धा मिलीमीटर मोकळी फट ठेवायची. तिन्ही केलं तरच काम टिकतं.

लगच्या मागे, तळाला आणि शेपटीखाली दोन ते तीन मिलीमीटर लाकूड पटाशीने काढा. कडेची वरची किनार आणि तळातले एक-दोन छोटे मूळ उंचवटे तसेच ठेवा, म्हणजे ॲक्शनची मूळ उंची बदलत नाही आणि बाहेरून काम दिसत नाही. पृष्ठभाग खडबडीत ठेवा. लगच्या पुढच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूच्या अंगाला टेपचे एक-दोन थर लावा. मागच्या अंगाला टेप नाही. धक्का फक्त मागच्या अंगाने द्यायचा असतो. बाकीच्या बाजू चिकटून बसल्या तर ॲक्शन उतरवताना बैठकीच्या कडा तुटतात आणि लग तळाला टेकून ॲक्शन वर उचलली जाते.

मग सगळ्यात महत्त्वाचं: सुटण्याचं औषध, म्हणजे पोलादाला इपॉक्सी चिकटू न देणारं रिलीज एजंट. किटमध्ये येतं ते पातळ दोन थरांत लावा आणि दोन्ही थर पूर्ण वाळू द्या. रंगहीन मेणाचं बूट-पॉलिश दोनदा घासून लावलं तरी चालतं, आणि कोपऱ्याकोपऱ्यांत ते जास्त खात्रीचं वाटतं. स्क्रूंच्या आट्यांना, स्क्रूच्या भोकांच्या आतल्या बाजूला, नळीच्या मुळाशी, इपॉक्सी चुकून जाईल अशा प्रत्येक जागी लावा. पण ॲक्शन दस्त्यात कायमची अडकते ती बहुतेक वेळा चिकटून नव्हे, अडकून. ट्रिगरची खाच, मॅगझिनची कड, एखादं आडवं भोक, यांत इपॉक्सी शिरून कडक झालं की तो खिळा होतो, आणि औषध कितीही लावलेलं असो, उपयोग होत नाही. लहान मुलांची खेळायची माती प्रत्येक भोकात आणि खाचेत दाबून भरा आणि पृष्ठभागाला सपाट कापा. या कामाला अर्धा तास जास्त गेला तरी चालेल.

दोन्ही घटक मिळून २० ते ३० मिलीलीटर पुरतात. तीन-चार मिनिटं सावकाश ढवळा, कडा आणि तळ खरवडत. जोरात फेटलं तर बुडबुडे शिरतात आणि बैठकीत खड्डे राहतात. अक्रोडाशी जुळेल असा तपकिरी रंग यात मिसळता येतो, पण अगदी चिमूटभर. आधी लाकडात बोटाने दाबून एक पातळ हात द्या, मग उरलेलं भरा. ॲक्शन सरळ खाली बसवा आणि दोन्ही स्क्रू फक्त टेकतील इतकेच फिरवा. इथे आवळलं तर दस्ता वाकलेल्या अवस्थेत इपॉक्सी कडक होतं आणि तो ताण कायमचा बसतो. सगळ्या कामातली ही सर्वांत सामान्य चूक आहे, आणि ती करणाऱ्याला वाटत असतं की आपण काळजीने घट्ट केलं. बाहेर आलेलं जेल व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने लगेच पुसा.

चोवीस तास थांबा, गारठा असेल तर जास्त. सुटत नसेल तर हातोडी उचलू नका. काही तास डीप फ्रीझरमध्ये ठेवा, पोलाद आकसतं आणि रबरी हातोडीच्या दोन हलक्या टोल्यांनी ॲक्शन निघते. अगदीच अडली तर कारागिराकडे न्या. उष्णतेने इपॉक्सी मऊ पडतं, म्हणून हेही काम उलटवता येतं, पण ते नवख्याचं काम नाही.

बैठक साधली की नाही हे डोळ्यांना कळत नाही, डायल इंडिकेटरला, म्हणजे केसभर हालचाल दाखवणाऱ्या काट्याच्या मापकाला कळतं. इंडिकेटर नळीला बांधा, त्याचं टोक दस्त्याच्या पुढच्या टोकावर टेकवा. दोन्ही स्क्रू आवळून पुढचा सावकाश सोडा. काटा ०.०५ मिलीमीटरच्या आत राहिला तर उत्तम. त्यापेक्षा जास्त हलला तर ॲक्शन अजून वाकवली जाते आहे. शेवटी स्क्रू टॉर्क रेंचने ४ ते ४.५ न्यूटन-मीटरवर आवळा. लाकडात स्क्रूंभोवती धातूचे खांब बसवलेले नसतील तर लाकडाला याहून जास्त सोसत नाही.

बैठक झाल्याबरोबर नळीखालचं सगळं लाकूड कोरून नळी मोकळी करायची, असा सल्ला सर्रास मिळतो. घाई करू नका. पातळ नळीच्या कित्येक जुन्या शिकारी रायफली दस्त्याच्या टोकाशी नळीवर थोडा दाब राहील अशाच घडवलेल्या असतात, आणि दाब काढला की काही बिघडतात. आधी ॲक्शनखाली स्क्रूंपाशी पातळ पत्र्याच्या चकत्या घालून नळी तात्पुरती उचला आणि झाडून पाहा. फरक चांगला पडला तरच लाकूड काढा. काढलेलं लाकूड परत येत नाही. ॲक्राग्लास जेलला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण सूचनापत्रकासाठी कापला. टेपबद्दल आणि स्क्रू न आवळण्याबद्दल ते आणखी ठळकपणे सांगायला हवं होतं.

ट्रू-ऑइल ही तिघांतली सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त चुकीची वापरली जाणारी बाटली. जवसाच्या तेलावर प्रक्रिया करून, पातळक मिसळून ते केलेलं असतं. नुसतं जवसाचं तेल आठवडेच्या आठवडे वाळत नाही, मऊ राहतं आणि ओल अडवत नाही. ट्रू-ऑइल दोनेक तासांत हाताला कोरडं लागतं आणि वर कडक पापुद्रा धरतं. पॉलियुरेथेनपेक्षा ते थोडं नाजूक आहे. पण पॉलियुरेथेनवर ओरखडा पडला की सगळा दस्ता उतरवावा लागतो, ट्रू-ऑइलवर त्या जागेपुरतं घासून दोन थेंब चोळले की जोड दिसत नाही. माझ्या कसोटीला याहून चांगलं उतरणारं उत्पादन मला माहीत नाही.

लाकूड तयार करताना पॉलिश पेपरपेक्षा इस्त्री जास्त कामाची. दबलेल्या खड्ड्यावर ओलं सुती फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली, की वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. तुटलेले तंतू येत नाहीत, तिथली खूण राहू द्या. पेपर २२०, ३२०, ४०० याच क्रमाने, पट्टीवर गुंडाळून, तंतूंच्या दिशेने. दस्त्याच्या मागच्या, खांद्याला टेकणाऱ्या टोकाची पोलादी पट्टी जागेवर बसवूनच घासा. ती काढून घासलं की लाकूड पट्टीपेक्षा खाली जातं आणि पट्टीची धार बाहेर डोकावते. कुठल्याही दस्त्यावर अनाडी हात फिरला आहे हे त्या एका धारेवरून कळतं. लाकडावर कारखान्याचा किंवा तपासनीसाचा शिक्का असेल तर त्याच्या आसपास पेपर अजिबात नको. शेवटी लाकूड ओल्या फडक्याने पुसून वाळवा, उठलेले बारीक केस ४०० ने उडवा, आणि हे दोनदा करा.

पहिला हात निम्मं मिनरल स्पिरिट घालून पातळ केलेला द्या आणि मुरू द्या. दस्त्याच्या आत, नळीच्या खोबणीत आणि पाठीच्या पट्टीखालच्या कापलेल्या टोकालाही दोन हात द्या. लाकूड पाणी पितं ते तिथूनच, आणि पावसाळ्यात नेम सरकण्याचं कारण बहुतेक वेळा हे उघडं राहिलेलं टोक असतं. दुसऱ्या-तिसऱ्या हाताला अक्रोडाची छिद्रं भरायची. थोडं ट्रू-ऑइल ओतून ४०० च्या पाण्यात चालणाऱ्या पेपरने गोल गोल घासा. तेल आणि लाकडाची भुकटी मिळून चिखलासारखा लगदा होतो. तो तंतूंना आडवा पुसा, म्हणजे छिद्रांत बसतो आणि वरून निघतो. एक दिवस वाळू द्या. छिद्रं दिसत असतील तर पुन्हा.

त्यानंतर फक्त बोटं. बोटाच्या टोकावर तीन थेंब घ्यायचे आणि तळहाताएवढ्या जागेत चोळायचे. सुरुवातीला बोट सरकतं, मग किंचित ओढ लागते, लाकूड कोमट होतं आणि चकाकी मंदावते. तिथे थांबायचं आणि पुढच्या जागेकडे जायचं. ही ओढ हाताला कळायला लागली की ट्रू-ऑइल जमलं. फडक्याने किंवा ब्रशने जाड हात दिला तर ओघळ येतात, वरून कातडी धरते, आत ओलं राहतं, आणि दस्ता प्लास्टिकचा वाटतो. असे आठ ते बारा पातळ हात. बाटलीवर दोन-तीन तासांचं अंतर लिहिलेलं असतं, पण दमट हवेत एक रात्र जाऊ द्या. प्रत्येक दोन हातांनंतर ०००० स्टील वूलने हलकं घासून धूळ पुसा. खवल्यांच्या कोरीव नक्षीत जुन्या टूथब्रशने पातळ केलेले एक-दोन हातच द्या, जास्त दिलं की खाचा भरून नक्षी गुळगुळीत होते. चकाकी नको असेल तर शेवटचा हात आठवडाभर वाळवून ०००० आणि मेणाने घासा, जुन्या दस्त्याला शोभेल अशी मंद झळाळी येते.

दोन गोष्टी धोक्याच्या. तेल लागलेली फडकी चोळामोळा करून टाकली तर आपोआप तापून पेट घेतात. ती एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. दुसरी, बाटली उघडल्यावर आतलं तेल हवेने घट्ट होत जातं. लहान ९० मिलीलीटरची बाटली एका दस्त्याला पुरून उरते, मोठी घेऊ नका. उरलेलं छोट्या बाटलीत काठोकाठ भरून उलटं ठेवा, म्हणजे पापुद्रा तळाला धरतो आणि तोंड मोकळं राहतं. मधासारखं घट्ट झालं असेल तर टाकून द्या, पातळ करून वाचवायला गेलात तर वाळताना सुरकुत्या पडतात. ट्रू-ऑइलला पाचपैकी पाच, पातळ हाताने लावणाऱ्यासाठी.

बाकी बाजारात जे मिळतं त्यातलं बरंच कसोटीला नापास होतं. दुर्बिणीसाठी ॲक्शनवर पाडलेली भोकं आणि तिच्यासाठी वाकवलेला बोल्टचा दांडा, रबरी गादीसाठी कापलेला दस्ता, हे उलटत नाही. रायफल आधीच कोणी भोकं पाडून ठेवलेली असेल तर ती वापरा, नसेल तर मूळ माशीवर समाधान माना किंवा भोकं न लागणारा माउंट शोधा. जड ट्रिगरच्या जागी टिम्नीसारखा तयार ट्रिगर बसवता येतो आणि मूळचा पिशवीत जपून ठेवता येतो, त्याला माझी हरकत नाही. फक्त तो कारागिराकडून बसवून घ्या, आणि रिकामी रायफल कॉक करून दस्ता जमिनीवर आपटून पाहायला सांगा. ट्रिगर न ओढता कॉक सुटला तर जोडणी चुकली आहे.

तिन्हींत एकच घ्यायचं असेल तर आधी स्क्रू आवळून दस्त्याची मान तपासा. चीर किंवा हालचाल असेल तर ॲक्राग्लास, नसेल तर ट्रू-ऑइल. आणि काम झाल्यावर रायफल लगेच रबराच्या किंवा फोमच्या खाचेत उभी करू नका. ट्रू-ऑइल दोन तासांत कोरडं लागलं तरी आतून कडक व्हायला दोन-तीन आठवडे घेतं, आणि तेवढ्यात फोमची जाळी दस्त्यावर छापून बसते. सुती दोरीने टांगून ठेवा, आणि दोन आठवड्यांनी दोन्ही स्क्रू पुन्हा टॉर्क रेंचने पाहून घ्या. लाकूड बसतं तसे ते थोडे सैल झालेले असतात.